गड्डा नावाची फाईल

बुधवार, रात्री उशिरा

हुतात्मा एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सहाला सुटते आणि दहाच्या सुमारास सोलापूरला पोचते. या गाडीने मी पहिल्यांदाच आलो. मे १९३०च्या आंदोलनानंतर इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. ते चौघे पुण्यात गेले, आणि त्यांच्या नावाची गाडी रोज संध्याकाळी पुण्याहून सोलापूरला परत जाते. दौंड सोडल्यावर अंधारात बाहेर बघत असताना हे मनात आलं, आणि मग बराच वेळ लॅपटॉप उघडावासा वाटला नाही.

शेवटी उघडलाच, कारण काम तसंच होतं. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथे तीस वर्षं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर चाललेला पगार आणि उत्पादनाचा प्रोग्राम आम्ही बदलतोय. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोचा आधार जानेवारी २०१५मध्येच थांबवला, तरी हा प्रोग्राम एका जुन्या मशिनवर आजही दर शनिवारी बिनचूक पगार काढतो. गेले पाच महिने मी त्याचा कोड वाचतोय. लिहिणाऱ्याला कारखान्यात सगळे 'मास्तर' म्हणतात, एवढंच मला माहीत होतं. पण एखाद्याचा कोड पाच महिने वाचला की त्याची चाल कळायला लागते. मास्तर कुठलीही रक्कम दोनदा मोजतात, एकदा वरून खाली आणि एकदा आडवी, आणि दोन्ही जुळल्या तरच पुढे जातात. फाईलमधल्या रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं मिळत, त्या दहात ते रोमन लिपीत पण मराठी शब्द बसवतात: कांडी, फणी, बीम, उचल. आणि तीन ठिकाणी, एकट्या ओळीवर, त्यांनी लिहून ठेवलंय, 'हे काढू नये.'

त्या तिनातलं एक माझ्याकडून काढलं गेलंय. 'गड्डा' नावाची एक छोटी फाईल होती. दर वर्षाची एक ओळ, ओळीत जानेवारीतल्या दोन तारखा. मी मूळचा नाशिकचा, मला गड्डा म्हणजे कोबीचा किंवा जमिनीतला. संक्रांतीच्या आसपास मशिनची काही दुरुस्ती असेल असं समजून मी ती 'निरुपयोगी'च्या यादीत टाकली. आज ते मनाला टोचतंय, म्हणून इथे लिहून ठेवतो.

गुरुवार

दिवसभर सर्व्हर, केबल, प्रिंटर. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माग मात्र लिहिण्यासारखे आहेत. शेडचं दार उघडलं की आवाज आधी छातीवर आदळतो, मग कानात शिरतो. आत कोणी कोणाशी बोलत नाही, सगळं हातांच्या खुणांनी चालतं. मुकादमाने मला एका चादरीच्या मागापाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. मागाच्या डोक्यावर जेकार्ड, म्हणजे नक्षी विणवून घेणारं यंत्र, आणि त्यातून खाली लोंबणारी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची साखळी. दोऱ्याने एकमेकींना शिवलेल्या शेकडो पट्ट्या, प्रत्येकीवर भोकांच्या ओळी. आडवा धागा नेणारा धोटा एकदा आरपार गेला की एक पट्टी पुढे सरकते. जिथे भोक आहे तिथली सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा उभा धागा वर येतो. जिथे भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. बस्स, एवढंच. त्यातून खाली मोर उमटत होता. चादर उलटून पाहिली तर तोच मोर, रंग तेवढे अदलाबदल झालेले.

कॉलेजात आम्ही हे चार ओळींत वाचलं होतं. जोसेफ मारी जाकारने १८०४च्या सुमारास हे यंत्र केलं. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी पट्ट्यांची कल्पना तिथूनच उचलली. एडा लव्हलेसने १८४३मध्ये लिहिलं की जाकारचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. परीक्षेत या प्रश्नाला दोन गुण होते. प्रत्यक्ष पट्टी हातात घेतल्यावर मात्र मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. पुठ्ठा तेलाने काळपट झालेला, कडा बोटांनी मऊ पडलेल्या. आणि एका पट्टीवर एका भोकावर कागदाचं इवलंसं ठिगळ चिकटवलेलं.

मी मुकादमाच्या कानात ओरडून विचारलं, "हे काय?"

तो माझ्या कानात ओरडला, "चूक दुरुस्ती! मास्तरांनी केलीय, लई जुनी!"

मास्तर म्हणजे तेच का, असं विचारायला मला शेडच्या बाहेर यावं लागलं. तेच होते.

शुक्रवार

मास्तरांचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे. या भागात दुकानाच्या पाट्या मराठीत असतात, पण ओट्यावरच्या गप्पा तेलुगूत. तेलंगणातून विणकर पद्मशाली कुटुंबं इथे येऊन कित्येक पिढ्या झाल्या. मास्तरांचे आजोबा हातमाग चालवायचे, वडील यंत्रमागावर होते. मास्तर सत्तरीला टेकलेत, अंगाने सडपातळ. मी पुण्याहून आलोय आणि त्यांचा प्रोग्राम बदलतोय हे त्यांना माहीत होतं. मला वाटलं होतं, थोडं अंतर ठेवून बोलतील.

"बसा की ओ," म्हणाले. "माझा कोड वाचलाव म्हणे तुम्ही. आजवर कोणी वाचला नव्हता."

मी त्यांना विचारलं, प्रत्येक बेरीज दोनदा का? त्यांनी उत्तर द्यायच्या आधी कपाटातून एक जुना ग्राफचा कागद काढला. बारीक चौकटी, लाल पेन्सिलने भरलेल्या, चार बाजूंना चार मोर. संगणकावर यायच्या आधी ते बारा वर्षं पंचिंगवाले होते. चित्रकार नक्षी ग्राफवर काढून देणार, मास्तर एकेक ओळ वाचत पियानो मशिनवर पट्ट्या पाडणार. पियानो म्हणजे पेटीसारखी बटणं असलेलं मशीन, दोन्ही हातांच्या बोटांनी बटणं दाबायची आणि पायाने भोक पाडायचं. एक ओळ चुकली तर ती चूक एका चादरीत राहत नाही, त्या साखळीवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत येते. म्हणून ओळ पाडून झाली की भोकं एकदा पट्टीवर मोजायची आणि एकदा ग्राफवर. दोन्ही जुळली तरच पुढची पट्टी.

"तीच सवय हो. चौकटी बदलल्या, मोजणं तेच राहिलं."

मी त्यांना बॅबेजची एक गोष्ट सांगितली. त्याच्याकडे जाकारचं एक चित्र होतं, रेशमात विणलेलं, लांबून बघणाऱ्याला छापील वाटावं असं, आणि त्यासाठी सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं कंटाळले. ते हिशोब करत होते.

"एका माणसाला निदान सहा महिने," डोळे उघडून म्हणाले. "आणि ठिगळं किती लागली असतील बघा!"

ठिगळावरून मी त्यांना सांगितलं की प्रोग्राममधल्या दुरुस्तीला आम्ही पॅच म्हणतो, तो शब्दही असाच आला. सुरुवातीच्या संगणकांच्या पट्ट्यांवर चुकीचं भोक पडलं तर त्यावर खरोखर कागद चिकटवायचे. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून काकूंना तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्यात 'पॅच' शब्द दोनदा आला. काकू बाहेर आल्या आणि माझ्यासमोर हुग्गीची वाटी ठेवली. खपली गव्हाची, गूळ घातलेली, वर तूप. मी दुसरी वाटीही खाल्ली.

मग मी गड्ड्याचं विचारलं. कबुलीही दिली की फाईल मी काढून टाकलीय.

मास्तर थोडा वेळ बोलले नाहीत. मग मला समजावून सांगितलं, मुलाला सांगावं तसं. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत. त्यांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या दिवसांत त्या सगळ्या लिंगांना तैलाभिषेक, मग सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह, त्याच्या अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, मिरवत निघतात. होम मैदानावर भरणाऱ्या जत्रेला सगळं सोलापूर गड्डा म्हणतं. त्या दिवसांत मागावर माणूस येत नाही. अक्षता टाकायला कारखान्यातला लिंगायतही जातो, तेलुगूही जातो.

आता कारखान्यात अशी पद्धत होती, अजूनही आहे, की आठवडाभर खाडा न करणाऱ्याला हजेरीचे जादा पैसे मिळतात. यात्रेच्या आठवड्यात सगळ्यांचेच बुडायचे. एका वर्षी कामगार थोरल्या मालकांकडे गेले. मालक म्हणाले, बरोबर आहे, यात्रेचे खाडे धरू नका. एवढंच. कागद नाही, सही नाही, ठराव नाही. मालकांनी मास्तरांना बोलावून सांगितलं आणि मास्तरांनी त्या रात्री गड्डा नावाची फाईल केली. थोरले मालक आता नाहीत. तेव्हाचे बहुतेक कामगारही नाहीत. तो शब्द दिल्याचा पुरावा जगात एकाच ठिकाणी होता, आणि ती फाईल मी निरुपयोगी ठरवली होती. नव्या प्रोग्रामवरचा पहिला पगार कुठल्या आठवड्याचा निघणार होता? यात्रेच्या.

माझे हात गार पडले. पुढच्या शनिवारी शे-दीडशे माणसांच्या पाकिटात पैसे कमी आले असते आणि का कमी आले हे कोणालाच सांगता आलं नसतं, कारण आमच्या नव्या नियमांच्या यादीत सगळं बरोबर दिसलं असतं.

"तारखा दर वर्षी वेगळ्या का?" मी विचारलं, आवाज सावरायला.

"संक्रांत सरकते की. कधी चौदा, कधी पंधरा." सूर्य मकरेत शिरण्याची वेळ दर वर्षी साधारण सहा तासांनी पुढे जाते, लीप वर्ष आलं की मागे येते. मास्तरांनी याचं सूत्र बसवायचा प्रयत्न केला होता. मग सोडून दिला, कारण यात्रेचे दिवस गाव ठरवतं, आणि गाव पंचांग बघतं. म्हणून दर वर्षी नवं पंचांग आलं की एक ओळ हाताने भरायची. निवृत्त झाल्यावरही ते दर वर्षी कारखान्यात फोन करून दोन तारखा सांगतात. ऑफिसातली मुलगी त्या भरते. तिलाही माहीत नाही कशासाठी.

शुक्रवार, रात्र

मास्तरांनी जेवायला थांबवून घेतलं, आणि त्यांच्या पुतणीला बोलावलं. ती हैदराबादच्या कंपनीचं काम घरून करते. ती त्यांना पेदनान्ना म्हणते, म्हणजे थोरले काका. तिच्याबरोबर आणखी दोघे आले: एक जुळे सोलापूर या उपनगरातून पुण्यातल्या बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, एक वालचंद कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. गच्चीवर सतरंजी टाकली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. जुळे सोलापूरवाला म्हणाला, पुण्यात चार वर्षं तो दर फेरीला पिशवीभर भाकरी घेऊन जायचा, आणि रूमवरचे दोन दिवसांत संपवायचे. आता सकाळी माळ्यावरच्या टेबलावर बसतो, दुपारी आईच्या हातचं जेवतो. पगार थोडा कमी आहे. हे त्याने न विचारता सांगितलं.

माझ्याकडे एक अडकलेलं काम होतं. आताच्या मालकांना पगाराची चिठ्ठी तेलुगूतही हवी होती. शिलाई आणि कांडी विभागात काही वयस्कर बायका आहेत, त्या तेलुगू शाळेत शिकल्या, मराठी बोलतात झकास पण वाचायला तेलुगूच बरं वाटतं. नावं आमच्याकडे देवनागरीत. सगळी नव्याने कोण टाइप करणार?

पुतणीने माझा लॅपटॉप ओढून घेतला. "सात-आठशे काहीतरी मिळवायचं असतं. थांबा." तिने तीन अंक लिहिले. युनिकोडात, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या क्रमांक-यादीत, देवनागरी क २३२५, तेलुगू क ३०९३, कन्नड क ३२२१. मग ळ घेतला: २३५५, ३१२३, ३२५१. फरक तोच. देवनागरीत ७६८ मिळवले की तेलुगू, त्यात १२८ मिळवले की कन्नड. योगायोग नाही हा. भारतीय लिपींसाठी इस्की नावाचं एक कोष्टक ऐंशीच्या दशकात आपल्याकडे तयार झालं, त्यात प्रत्येक लिपीतलं क एकाच घरात बसवलं होतं, आणि युनिकोडने ती मांडणी तशीच उचलली. ज्या कोणी ते घरं आखण्याचं काम केलं, त्यांच्या डोक्यात सोलापूरसारखं गाव असणार असं मला त्या गच्चीवर वाटलं.

विद्यार्थ्याने तिथल्या तिथे सहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिलं नाव टाकलं 'गणेश'. स्क्रीनवर तेलुगू अक्षरं आली. पुतणीने मोठ्याने वाचलं, "गणेशा." मास्तरही म्हणाले, "गणेशाच." आपण मराठीत शेवटचा अ लिहितो पण म्हणत नाही. तेलुगू वाचणारा तो म्हणतो. तेव्हा अशा नावांच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडायला हवा. सातवी ओळ, आठवी ओळ. जोडाक्षर शेवटी असेल तर? नववी ओळ. साडेअकरा वाजेपर्यंत चौघे वाद घालत होतो. मास्तर मध्येमध्ये विचारत होते, "दोनदा मोजलं का?"

शनिवार

पगाराचा दिवस. या आठवड्याचा पगार जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोग्रामवर काढला, पैसा न पैसा जुळला. सोबत तेलुगू चिठ्ठ्या.

शिलाई विभागातल्या एका आजींनी चिठ्ठी लांब धरली, मग जवळ, मग चष्मा पुसला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. स्वतःचं नाव बरोबर. आडनावापाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"हे को लांब झालंय. आमचं को आखूड आहे."

तेलुगूत ए आणि ओ दोन-दोन असतात, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठीत एकच. आमची बेरीज प्रत्येक ओ दीर्घ करत होती. हे आदल्या रात्री चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, तेलुगू घरात वाढलेल्या पुतणीच्याही नाही. आजींनी माझं पेन मागितलं आणि चिठ्ठीवर बरोबर अक्षर काढून दिलं, वळणदार, शाळेतल्यासारखं. ती चिठ्ठी मी ठेवून घेतली, त्यांना दुसरी छापून दिली.

याला सूत्र नाही. मराठी अक्षरावरून कुठला ओ आखूड हे कळायला मार्गच नाही. मी पुतणीला फोन केला. दुपारी ती कारखान्यात आली, शिलाई आणि कांडी विभागात हिंडली, बायकांकडून नावं म्हणवून घेतली आणि संध्याकाळपर्यंत चाळीसेक आडनावांची यादी करून दिली.

गड्डा फाईल मी दुपारीच परत आणली होती. सध्याच्या मालकांना त्यामागची गोष्ट सांगितली. त्यांनाही ती ठाऊक नव्हती. ते म्हणाले, "वडिलांनी दिलेला शब्द आहे, राहू दे," आणि मग थोड्या वेळाने पुन्हा आत आले आणि कोणत्या वर्षी दिला ते मास्तरांना विचारून ठेवा म्हणाले.

संध्याकाळी जुळे सोलापूरवाला मला गाडीवर घेऊन गेला. होम मैदानावर पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते. तिथून पुढे एका पेठेत नंदीध्वजाचा सराव चालला होता. उंच काठी, एकाच माणसाने कमरेच्या पट्ट्यावर तोललेली, भोवती हात वर धरून चालणारे दहाजण, कोणीही काठीला शिवत नाही पण प्रत्येकाची नजर शेंड्यावर. पंधरा-वीस पावलं, मग पुढचा माणूस खाली वाकून भार घेतो. ज्याने दिला तो लगेच बाजूला होत नाही. नव्या माणसाची दोन-तीन पावलं सरळ पडेपर्यंत मागे हात धरून चालतो, मग सुटतो.

रविवार

सकाळी साडेसहाची हुतात्मा. प्लॅटफॉर्मवर गारठा. मास्तर आले होते, मी नको म्हटलं असतानाही. स्कार्फ गुंडाळलेला, हातात शेंगाचटणीची पिशवी आणि घडी घातलेला कागद. कागदावर पुढच्या तीन वर्षांच्या तारखा होत्या.

"पंचांगवाल्यांना विचारून घेतल्या," म्हणाले. "तरी दर वर्षी पक्क्या करून घ्या. आणि त्या मुलीला सांगा, कशासाठी भरायच्या ते."

कुर्डुवाडी सोडल्यावर मी कोड वर चढवला. पुण्यातल्या सहकाऱ्याने रविवार असूनही दहा मिनिटांत तपासला आणि एकच शेरा लिहिला: फाईलचं नाव कळत नाही, 'यात्रा सुट्टी' किंवा असं काहीतरी स्पष्ट द्यावं.

मी उत्तर लिहिलं, नाव तेच राहू दे, उद्या सांगतो. मग वरती एक ओळ घातली, कुठल्या यात्रेची, कोणाचा शब्द, तारखा कोणाला विचारायच्या, आणि शेवटी मास्तरांचे तीन शब्द.